पोस्टखर्च वजा जाता

रोहणा, ता. आर्वी
११ जून १९५७

श्रीमती सुलोचनाबाई काळमेघ यांस पंचफुला थूल हिचा जयभीम.

तुमची माझी ओळख नाई. आर्वीच्या दवाखान्यात मी दाईचं शिक्षण घेतलं, तिथल्या प्रमिलाबाईनं तुमचा पत्ता दिला. त्या म्हणे, वर्ध्याच्या सुलोचनाबाईनं नोकरी सोडली, त्यायले त्यायची बाळंतपणाची बॅग विकायची आहे, तशी बॅग तुले नव्या दुकानात दुप्पट पैसे देऊनही भेटणार नाई.

माही सासू धुरपताबाई इथली जुनी दाई. साऱ्या गावाची बाळंतपणं तिनं केली, इळ्यानं नाळ कापे. पाटलाच्या घरी जाय तर मागच्या दारानं, आन मजुरी म्हणून सुपात जवारी भेटे, तीही लांबून. मागच्या दसऱ्याले आमी धम्म घेतला तवापासून माह्या नवऱ्यानं, प्रेमदासनं, सांगितलं का हे आता आपल्या घरात चालणार नाई. सासूनं इळा ठेऊन देला. मग मी शिकाले गेली. आता जाईन तर शिकलेली बाई म्हणून जाईन आन फी घेईन. तं गावातले लोक म्हणतात, बाई म्हणवते तर बाईची बॅग कुठं आहे?

तुम्ही प्रमिलाबाईले सांगितलेले चाळीस रुपये आन पोस्टखर्चाचे वेगळे, असे मनीऑर्डरनं आजच पाठवून राह्यली. आमच्याकडून वर्ध्याले येणारं कोणी नाई, म्हून पार्सलनं पाठवजा. साध्या पार्सलनं. विमा नको, त्याचे पैसे जास्तीचे लागतात असं पोस्टमास्तर म्हणत होते.

माहं अक्षर वाचता आलं नाई तर रागावू नका.

पंचफुला प्रेमदास थूल


वर्धा
१९ जून १९५७

चि. पंचफुला हिस आशीर्वाद.

मनीऑर्डर मिळाली. अक्षर वाचता आले. शिकाऊ नर्सांचे याहून वाईट अक्षर मी वीस वर्षे वाचले आहे.

बॅग आज पोस्टात टाकली. जुन्या लुगड्यात शिवून घेतली आहे, टाके बारीक घातले आहेत, गाठींवर लाख लावली आहे. आत काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे उघडल्यावर तपासून घेता येईल. एक कात्री, दोन चिमटे, नाळ बांधायच्या दोऱ्याचे रीळ, तामचिनीचा वाडगा, बाळाच्या घशातला चिकटा ओढायची रबरी नळी, पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी, आणि मूल तोलायचा ताणकाटा.

आता खोडी सांगते. बॅगेची कडी ढिली आहे, चालताना उघडते, तिला दोरा बांध. काटा छटाकभर कमी दाखवतो. तो दुरुस्त करायला दिला होता, पण आला तसाच. तेव्हा मूल तोललेस की छटाकभर वाढवून लिही. या दोन्ही गोष्टी किमतीत धरल्या आहेत, पण तुला माहीत असाव्यात. कात्री नवी आहे.

हत्यारे उकळताना पाण्याला खळखळून आधण येऊ दे. गावात लोक कोमट पाण्यात बुडवतात आणि झाले म्हणतात. बाळंतिणीची आई, सासू, आजी, कोणीही काहीही सांगो, तुझे हात धुऊन झाल्याशिवाय तिला शिवायचे नाही.

माझी नोकरी संपली, बॅग खुंटीवर धूळ खात होती, म्हणून विकली. तुझ्याकडे ती कामाला लागेल याचा आनंद आहे. पोचल्याचे कार्ड टाक.

सुलोचना काळमेघ


रोहणा
१५ जुलै १९५७

सुलोचनाबाई यांस,

तुमचं पत्र भेटून बरेच दिवस झाले. बॅग अजून आली नाई.

लिहू का नको, असं करत राह्यली. नत्थूजी डाकवाले आठवड्यातून दोनदा येतात. त्यायनं माह्यासमोर आपली झोळी पालथी करून दाखवली. पत्र आधी येते आन पार्सल मागून येते, असं ते म्हणत. आता तेही म्हणत नाईत.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाई. इथं काही जण म्हणून राह्यले का वर्ध्याच्या बाईनं बॅग पाठवलीच नसन. साध्या पार्सलची पावती नसते, तं कोण पाहाले गेलं. माह्या नवऱ्यालेही एक दिवस तसं वाटलं. मी त्याले तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, काटा छटाकभर कमी दाखवते हे तिनं काऊन लिहिलं? जिले फसवायचं असन, ती न पाठवलेल्या काट्याची खोड कायले सांगन? मग म्हणे, बरोबर आहे तुहं.

म्हून मी विचारून राह्यली ते फक्त एवढंच, का तुमच्या तिकडून काही पत्ता लागते काय.

पंचफुला


वर्धा
२७ जुलै १९५७

चि. पंचफुला,

पत्र मिळाल्याबरोबर पोस्टात गेले. पुन्हा काल गेले. पुलगावला आणि आर्वीला मी स्वतः कार्डे टाकली. त्यांची उत्तरे सभ्यपणाची आली, पण साध्या पार्सलची नोंद कुठे होत नाही, त्यामुळे ते कुठवर पोचले हे सांगायला कोणाकडेच काही नाही. बॅग गेली असेच धरायला हवे.

तुझे सगळे पैसे, पोस्टखर्चासकट, आज मनीऑर्डरने परत केले आहेत. तुझ्यासारखीला हा तोटा झेपणार नाही. विषय इथे संपला. दुसरी बॅग कुठे मिळते का ते प्रमिलाबाईला विचार.

सुलोचना काळमेघ


रोहणा
३ ऑगस्ट १९५७

सुलोचनाबाई यांस,

मनीऑर्डर आली होती. मी सही केली नाई, परत पाठवली.

विमा नको, हे मी लिहिलं. साध्या पार्सलनं, हेही मी लिहिलं. ते थोडे पैसे वाचवाले गेली ते मी. तुम्ही तं सांगितलं तसं केलं, बारीक टाके घालून केलं. मग तोटा तुमचा कसा?

आन बाई, तुम्ही लिहिलं, तुझ्यासारखीले झेपणार नाई. मी ते वाक्य किती वेळा वाचलं. माह्यासारखी म्हणजे कशी? आमच्या घराले आतापर्यंत जे भेटलं ते दया म्हणून भेटलं, सुपात भेटलं. ते सोडाले म्हणूनच मी तुमची बॅग विकत घेतली, मांगून नाई घेतली. तुमचे पैसे जर त्याच सुपातले असतील, तं मले नको. तुम्ही चांगल्या बाई आहा, तुम्हाले वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाई.

पंचफुला


वर्धा
९ ऑगस्ट १९५७

चि. पंचफुला,

वाईट वाटले. वाटायलाच हवे होते. ते वाक्य मी लिहायला नको होते. पोस्टातून चिडून आले होते आणि तशीच बसून खरडले. हिशेब लिहायचा तिथे मी कणव लिहिली. आता हिशेब लिहिते. शांतपणे वाच, आणि चुकत असेल तर तसे कळव.

तू म्हणतेस, विमा नको असे तू लिहिलेस, म्हणून तोटा तुझा. मी पोस्टात विचारून घेतले. पार्सलचा विमा उतरवला आणि पार्सल हरवले, तर भरपाई पाठवणाऱ्याला मिळते, ज्याच्या नावाने पाठवले त्याला नाही. याचा अर्थ सरळ आहे. वाटेत असताना वस्तू पाठवणाऱ्याची असते, असे सरकारही धरते. भरपाई माझी, तर भरपाई न मिळण्याचा तोटाही माझा. तू विमा नको म्हणालीस हे खरे, पण माझी वस्तू होती आणि ती जपून पाठवणे माझे काम होते. मी स्वतःच्या पदरचे पैसे घालून विमा उतरवू शकले असते. जन्मभर औषधांची पार्सले मागवली आहेत, मला हे कळत होते. तरी मी पेटीत हात घातला नाही.

आणि समज, हीच बॅग मी आर्वीच्या एखाद्या सदाशिवराव शेटजीला विकली असती आणि ती हरवली असती, तर त्याने माझ्या दारात येऊन पैसे मागितले असते, आणि मी ते निमूट दिले असते. त्याला दिले असते ते तुला देऊ नयेत, असे तूच म्हणतेस काय? मग तू स्वतःला त्याच्यापेक्षा कमी धरतेस. ते मला चालणार नाही.

आता पोस्टखर्चाचे. मागच्या वेळी घाईत तोही परत केला. ती माझी चूक. पार्सलने पाठव, असे तू सांगितलेस, ते काम मी केले, तिकिटे लावली, तो खर्च होऊन गेला. तो तुझा. म्हणून आजच्या मनीऑर्डरमधून पोस्टखर्च कापून घेतला आहे. बॅगेची किंमत पूर्ण आहे. यात दया शोधून सापडली तर दाखव.

सही कर.

सुलोचना काळमेघ


रोहणा
३० सप्टेंबर १९५७

सुलोचनाबाई यांस,

सही केली. उशिरा लिहून राह्यली, पण खूप लिहायचं आहे.

पोस्टखर्च कापलेला पाहून प्रेमदास हसला. म्हणे, ही बाई खरी, दया करणारा पैसे कापत नाई. पण सही करवली ती माह्या सासूनं. तुम्हाले एक सांगितलं नव्हतं. बॅगेचे पैसे माह्या एकटीचे नव्हते. आमच्या वस्तीतल्या बायांनी निंदणाच्या मजुरीतून थोडे थोडे काढून जमवले होते, का आपली बाई आर्वीहून शिकून आली, तिच्या हाती बॅग असावी. पहिली मनीऑर्डर मी परत केली हे कळलं तवा धुरपताबाई चुलीपुढून उठली. आयुष्यात ती मले इतकं कधी बोलली नाई. म्हणे, "मोठेपणा आपल्या पदरचा करावा वं माय. मंजुळानं पोराचं दूध बंद करून पैसे देले, ते तू कोणाले विचारून परत धाडले?" मी खाली मान घातली. तुमच्यापाशी खरेपणा दाखवाले गेली आन घरच्या बायांवर अन्याय करून बसली. म्हणून दुसऱ्यांदा सही केली आन वस्तीत जाऊन सगळ्यांना सांगितलं का पैसे परत आले, कोणाले आपले पाहिजे असतील तं घ्या. कोणी घेतले नाई. म्हणे, सामान आण.

प्रेमदासनं आर्वीहून कात्री, चिमटे आन वाडगा आणला. रबरी नळी तिथं भेटली नाई. बॅग तं नाईच. मी सारं उकळून, धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रूपराव पाटलाचा गडी आला. त्यायची सून अडली होती, पहिलंच बाळंतपण. नाल्याले पूर, आर्वीचा रस्ता बंद, नाईतर त्यायनं मले बोलावलं नसतं. मी फडकं घेऊन गेली. रूपराव ओसरीवर बसले होते. माह्या हातातलं गाठोडं पाह्यलं आन हातानंच दाखवलं का मागून जा. म्हणे, "तुही सासू मागूनच येत होती."

मी उभी राह्यली. आतून पोरगी ओरडत होती, आन तिच्या ओरडण्यात मी दारासाठी अडून राह्यली, हे बरोबर का चूक, ते मले आजही समजत नाई. मी म्हटलं, "ती आता येत नाई पाटील. मी आली. मले इथून येऊ द्या, वेळ जाऊन राह्यला."

ते काही म्हणतील त्याच्या आधी त्यायची बायको देवकाबाई दारात आली. नवऱ्याकडं पाह्यलं नाई. मले म्हणे, "ये बाई."

दिवस कलला तवा बाळ झालं. पोरगा. निळा पडला होता, रडेच ना. नाळ मानेभोवती होती, ती मी सोडवली, उलटा धरला, पाठ चोळली, बोटाले फडकं गुंडाळून तोंड साफ केलं. तरी घशात घरघर. नळी पाहिजे होती. तुमच्या पत्रातलं ते वाक्य डोळ्यापुढं आलं, बाळाच्या घशातला चिकटा ओढायची रबरी नळी. नळी तं कुठं पडली कोणाले ठाव. मग मी त्याच्या तोंडावर तोंड ठेवलं आन ओढून घेतलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. देवकाबाई उशाशी होती. मी तोंड लावलं तवा तिचा हात पुढं आला, मले थांबवाले. मग तो हात तिनं आपल्या तोंडावर दाबून धरला. तिसऱ्यांदा ओढलं आन पोरगा रडला. तुम्ही किती पोरं रडताना ऐकली असतील. मी माह्या हातातलं हे पहिलं ऐकलं, जे रडणार नव्हतं.

निघताना गड्यानं सुपात जवारी आणून ठेवली. मी म्हटलं, हे नको, माही फी आहे. देवकाबाई आत गेली, पैसे आणले आन माह्या हातात ठेवले. वरून टाकले नाई, हातात ठेवले. तिची बोटं लागली.

घरी आल्यावर सासू सगळं ऐकत बसली. ती घरं तिनं जन्मभर मागून पाह्यलेली. तिनं विचारलं, "त्यायच्या ओसरीवर फरशी आहे का शेण?" मी म्हटलं, फरशी आहे. "असं काय," म्हणे, आन चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

बाई, तुमची बॅग हरवली, पण तुम्ही हिशेब लिहून पाठवला होता ना, शेटजीले दिले असते ते तुले काऊन नको म्हणून, ते मी त्या दारात उभी असताना मनात म्हणत होती.

पंचफुला


वर्धा
८ ऑक्टोबर १९५७

चि. पंचफुला,

तुझे पत्र वाचताना मध्येच चष्मा काढून ठेवावा लागला. शकुंतलाने, माझ्या मुलीने, विचारले काय झाले. मी पत्र तिच्या हातात दिले.

आधी कामाचे बोलते, नाहीतर तू म्हणशील बाई नुसती हळवी झाली. तोंडाने ओढलेस ते योग्य केलेस. पुढच्या वेळी मधे पातळ उकळलेले फडके ठेव, तुझ्यासाठी आणि बाळासाठीही. रबरी नळी नागपूरला मिळते, पत्ता मागे लिहिला आहे. दारात उभी राहिलीस ते बरोबर की चूक, असे विचारतेस. मी तिथे नव्हते. पण एवढे सांगते. त्या घरात दुसरे बाळंतपण होईल तेव्हा कोणी दार दाखवणार नाही आणि वेळ वाया जाणार नाही. हा त्या सुनेचाही फायदा आहे.

मी इतकी वर्षे नोकरी केली. सरकारचा शिक्का माझ्या पाठीशी होता, दवाखान्याची गाडी होती, ती बॅग होती. कोणाच्या दारात मला कधी उभे राहावे लागले नाही. तुझ्याजवळ धुतलेले फडके होते. मी तुला हत्यारे उकळायला शिकवायला निघाले होते, याचे आता हसू येते.

आता माझे. बॅग धूळ खात होती, असे मी लिहिले होते. ते खरे नव्हते. धूळ बसायला ती खुंटीवर राहिलीच किती दिवस. गेल्या वर्षापासून माझे हात कापतात. एका घरी नाळ बांधताना गाठ बसेना, दोरा सुटत गेला. बाळंतिणीच्या बहिणीने माझ्या हातातून तो घेऊन बांधला. काही बिघडले नाही, पण दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, नोकरीची मुदत संपली असेच सगळे समजतात.

शकुंतला बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला दिवस भरतील. दवाखाना घरापासून जवळ आहे, अडचण आली तर नेता येईल, डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. पण बाळंतपण घरी व्हावे अशी तिची इच्छा आहे, आणि माझ्या हातांवर आता माझाच विश्वास नाही. मी शिकवलेल्या नर्सा वर्ध्यात चार आहेत. चारही चांगल्या आहेत. शकुंतलाने तुझे पत्र खाली ठेवले आणि म्हणाली, "आई, यांना विचार ना."

म्हणून विचारते आहे. येशील का?

सुलोचना काळमेघ


रोहणा
१४ ऑक्टोबर १९५७

सुलोचनाबाई यांस,

येईन. नोव्हेंबर संपता संपता निघेन, आर्वीहून पुलगावच्या गाडीनं. न्यायले कोणी पाठवू नका, मी पत्ता विचारत येईन. सासू म्हणते, तिकडच्या बाळंतिणीले अळिवाचे लाडू आवडतात काय ते विचार.

फी घेईन.

पंचफुला


रोहणा
१९ डिसेंबर १९५७

सुलोचनाबाई यांस,

सुखरूप पोचली. शकुंतलाताईची तब्येत कशी आहे, दूध पुरते काय, पोरीची बेंबी सुकली काय, हे आधी लिहजा. ताप आला तं वाट पाहू नका, दवाखान्यात न्या. शेक जास्त देऊ नका, त्यायच्या सासूबाई वच्छलाबाई देतील, त्यायले नाई म्हणजा.

तुमच्या घरी बोलता आलं नाई ते लिहून राह्यली. पाहुणे होते, आन मले तोंडावर बोलता येत नाई.

त्या दिवशी ताईले कळा वाढल्या तवा मी हात धुवाले मोरीवर गेली. मी तांब्या शोधत होती. तुम्ही मागून आल्या आन तांब्या उचलला. मी हात पुढं केले आन तुम्ही माह्या हातावर पाणी टाकलं. तुमचे हात कापत होते, पाणी इकडंतिकडं सांडे, म्हून तुम्ही दोन्ही हातांनी तांब्या धरला. कोपरापर्यंत टाकलं. वच्छलाबाई दारातून पाहून राह्यल्या होत्या. त्यायले माहीत होतं मी कोण ते. आल्याबरोबर त्यायनं माहं आडनाव विचारलं होतं, आन मी सांगितलं तवा त्यायनं आपला पाट थोडा मागं ओढला होता. तुम्ही ते पाह्यलं होतं, मलेही समजलं होतं. पण मोरीवर तुम्ही त्यायच्याकडं पाह्यलं नाई. माह्या नखांकडं पाहत होत्या, स्वच्छ झाली काय म्हणून.

मग आत, सारा वेळ, तुम्ही माह्या उजव्या बाजूले उभ्या. मी न मांगता कात्री पुढं येई, दोरा पुढं येई. एकदाही असं कर, तसं कर म्हटलं नाई. मले वाटलं होतं तुम्ही सांगत राहाल आन मी घाबरून चुकेन. नाळ बांधताना मी तुमच्याकडं पाह्यलं. तुम्ही खिडकीबाहेर पाहून राह्यल्या होत्या. गाठ पक्की बसली, बाई. तेवढं मले तुम्हाले सांगायचं होतं.

पोरगी रडली तवा तुम्ही बसूनच गेल्या. ताई हसली तुम्हाले.

आन निघायच्या दिवशी. ओसरीवर सगळे बसले होते, जावयबापू, वच्छलाबाई, शेजारच्या दोघीतिघी. मी पिशवी घेऊन बाहेर आली. तुम्ही उठून उभ्या राह्यल्या. तुम्ही उठल्या म्हणून जावयबापू उठले, मग शेजारच्या उठल्या, मग वच्छलाबाईलेही उठावं लागलं. आन तुम्ही सगळ्यांसमोर म्हटलं, "पंचफुलाबाई, तुमची फी किती झाली ते सांगा. आणि तुम्ही आलात म्हणून माझी मुलगी सुखरूप आहे."

मी आकडा कसा सांगितला मले आठवत नाई. पुलगावपर्यंत मी गाडीत खिडकीपाशी बसून तेच ऐकत होती. माह्या सासूले साऱ्या गावानं ए धुरपते म्हणून हाक मारली, तिनं हातावर घेतलेल्या पोरांनीही, मोठी झाल्यावर. मले "तुम्ही" म्हणणारं माणूस आतापर्यंत आर्वीच्या कचेरीतला एक कारकून होता, आन तो सगळ्यांनाच म्हणे. घरी आल्यावर सासूले सांगितलं. तिनं दोनदा म्हणून घेतलं माह्याकडून, सुलोचनाबाई नेमकं काय म्हणाल्या ते. मग स्वतः एकदा म्हणून पाह्यलं, पंचफुलाबाई, तुमची फी. आन पदर तोंडाले लावून हसली.

आता एक विनंती आहे. काल, मी पोचली काय ते विचाराले, तुमचं कार्ड आलं, त्यात तुम्ही मले सौ. पंचफुलाबाई यांस, असं लिहिलं, आन खाली तुम्ही-तुम्ही. वाचताना असं वाटलं का दुसऱ्या कोणाचं कार्ड नत्थूजीनं मले देलं. लोकांसमोरचं "तुम्ही" मी ठेऊन घेतलं, ते मी कोणाले परत देणार नाई. पण पत्रात तुम्ही मले तूच म्हणजा. रागवजा, हात धू म्हणून सांगजा. माही आई लहानपणीच गेली, आन तिचं "तू" मले आठवत नाई.

तुमची
पंचफुला